बिनखुणेच्या चादरी

ताटं वाढून झाली होती, भात निवत चालला होता आणि कुणीच हात लावत नव्हतं. समोरच्या लॉजवाल्यांच्या चादरी धुवायच्या की नाही, हा प्रश्न धाकट्यानं बरोबर जेवायच्या वेळी काढला होता. ही त्याची खोड जुनीच. भांडण काढायचं तर सगळे मांडी घालून बसलेले असताना, म्हणजे कुणाला चटकन उठून जाता येत नाही.

"माणसं तापानं फणफणलीयेत, अप्पा," तो म्हणाला. "लॉजचे किल्लीवाले मामा सकाळी खिडकीतून ओरडून सांगत होते. नळाचं पाणी प्यायला पुरत नाही, धुणार कशात? घामानं भिजलेल्या चादरींवर झोपतायत बिचारे. आणि आपण? घरात लाँड्री, मागे विहीर, आणि हातावर हात ठेवून बसलोय."

"तापानं फणफणलीयेत म्हणूनच नको म्हणतोय," थोरला म्हणाला. "अप्पांचं वय बघ. छाती बघ. आयुष्यभर वाफेत उभं राहून झालेली छाती आहे ती. उद्या काही झालं तर तुझे मामा येणार आहेत का धावून?"

"मामा कुठून येतील? त्यांना तर दाराबाहेर पाऊल टाकायची बंदी आहे."

"थट्टा सुचतेय तुला!"

थोरलीनं भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. या घरात सून म्हणून आल्यापासून तिनं दोघा भावांची इतकी भांडणं पाहिली होती, की कोण कधी आवाज चढवणार हे तिला पाठ होतं. पण एरवी भांडण तापायच्या आत खालून कुणीतरी 'अहो लाँड्रीवाले' म्हणून हाक मारायचं आणि दोघं उठून कामाला लागायचे. आता खालून कुणी हाक मारत नव्हतं. हॉटेलं बंद, शाळा बंद, ऑफिसं बंद. घरात बसलेल्या माणसाला कडक इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो? ज्या घराची सकाळ सोड्याच्या वासानं उजाडायची, ते घर आता उशिरा उठत होतं आणि उठल्यावर दिवसभर एकमेकांच्या पायात येत होतं. माणसाला काम नसलं की तो घरच्यांचे दोष काढायला मोकळा होतो, असं थोरलीचं मत होतं. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर आणखी एक भांडण झालं असतं.

लॉज म्हणायला लॉज, पण तिथं प्रवासी असे कुणी उतरत नसत. कामासाठी घर सोडून आलेली माणसं राहायची: रंगारी, हमाल, लिफ्ट दुरुस्त करणारे, एका खानावळीचा स्वयंपाकी. त्यांच्यातल्या एकाला ताप आला, मग दुसऱ्याला आला, आणि एके दिवशी पांढरे पोशाख घातलेली माणसं येऊन दारावर लाल रंगानं भली मोठी फुली मारून गेली. त्या दिवसापासून गल्लीतली माणसं पलीकडच्या कडेनं चालायला लागली. पण त्याच गल्लीतली पाववाली रोज सकाळी लॉजनं खाली सोडलेल्या टोपलीत पाव टाकायची आणि भाजीवाला जाताजाता भाजी. माणसं भितात आणि देतातही, दोन्ही एकाच हातानं. थोरलीला त्यात काही नवल वाटत नव्हतं.

"मलाही भीती वाटते," धाकटी एकदम म्हणाली. धाकट्यानं मान वळवून तिच्याकडे असं बघितलं, की जणू भर बाजारात बायकोनं त्याचा हात सोडला. "वाटते तर वाटते. खोटं का बोलू? दादांचं म्हणणं बरोबर आहे."

थोरल्याला एवढा आधार पुरे होता. त्यानं लगेच अक्काला फोन लावला आणि मोठा आवाज करून ताटांच्या मधोमध ठेवला. अक्का म्हणजे दोघांची मोठी बहीण. लग्न होऊन लांब गेली, तरी माहेरच्या प्रत्येक भांडणात तिचं मत असायचंच. "वेड लागलंय का धाकट्याला?" फोनमधून आवाज आला. "अप्पांना माझ्याकडे आणून सोडा. यांच्या गाडीला भाजी न्यायची परवानगी आहे, कधीही पाठवते."

मग सगळे अप्पांकडे बघायला लागले. अप्पांना कमी ऐकू यायचं आणि गैरसोयीचं त्याहून कमी. त्यांनी भातावर पाणी घेतलं, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "भट्टी पेटवायची म्हणता, पण लाकूड कुठाय?"

धाकटा हसला. थोरल्यानं डोळे मिटले. अप्पांचं असं बोलणं म्हणजे होकार, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

"ठीक आहे," थोरला म्हणाला. "धुवा. पण पिंप वेगळं, दोरी वेगळी आणि खूण वेगळी. ठळक खूण, लांबून दिसेल अशी. आणि त्यांची एक जरी चादर घरच्या कपड्यांत आली ना, तर मी अप्पांना घेऊन अक्काकडे जाईन. आणि गेलो की परत यायचं की नाही ते मी ठरवेन."

शेवटचं वाक्य कुठून आलं, ते थोरलीनं ओळखलं. बाहेर पडायचं त्याच्या मनात वर्षभर घोळत होतं, हे फक्त तिला माहीत होतं. वेगळी जागा, वेगळं दुकान, मशीन लावून. आतापर्यंत त्याला निमित्त सापडत नव्हतं. तो गेला तर अप्पा जातील, अप्पा गेले तर धाकटा एकट्यानं ही भट्टी चालवणार नाही, आणि मग सासूबाईंनी उभं केलेलं हे घर म्हणजे खाली कुलूप आणि वर कोळ्यांची जाळी. तिनं भात वाढायला घेतला. "गार झाला सगळा," एवढंच ती म्हणाली.

खूण घालायचं काम थोरलीचं. सासूबाई गेल्यापासून तेच तिचं राज्य होतं. आलेल्या प्रत्येक कपड्याच्या काठाला आतून लाल दोऱ्याचे टाके घालायचे, ज्याचे त्याला वेगळे. डॉक्टरांना दोन तिरके, हेडमास्तरांना माशासारखा आकार, पलीकडच्या वकिलांना तीन उभे, कारण ते तीनदा विचारल्याशिवाय पैसे देत नसत. हा शेवटचा सासूबाईंचा विनोद. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात कायम दोरा असायचा आणि तो तसाच ठेवून त्या घरादाराला हुकूम सोडायच्या. गल्लीतली निम्मी माणसं त्यांना नावानं आठवत नसत, टाक्यांनी आठवत. घरच्या कपड्यांना मात्र खूण नसायची. सगळा ढीग उपसून झाल्यावर ज्याला खूण सापडत नाही ते घरचं, इतका सोपा हिशोब होता.

थोरली लग्न होऊन आली त्या आठवड्यातली गोष्ट. सासूबाईंनी तिची कपड्यांची पेटी उघडायला लावली. ती घाबरली, आता काय निघतंय म्हणून. सासूबाईंनी एकेक कपडा उलटा करून काठ बघितला. माहेरच्या लाँड्रीचे निळे टाके होते. सुईनं ते अलगद उसवून टाकत त्या म्हणाल्या, "आता तू घरची. घरच्यांना खूण नसते." एवढंच. ना मिठी, ना डोळ्यांत पाणी. पण त्या दिवसापासून थोरलीला या घरात परकं असं कधी वाटलं नाही. सासूबाईंची आठवण आली की तिला इतक्या वर्षांनीही ती सुई दिसायची.

दुसऱ्या दिवशी लॉजच्या खिडकीतून गाठोडं खाली आलं. धाकट्यानं भट्टीतले कपडे ढवळायच्या लांब काठीनं ते उचललं आणि थेट उकळत्या सोड्यात टाकलं. तोंडाला रुमाल, हाताला रबरी मोजे, आणि रुबाब असा की विचारू नका. चादरी वाळल्यावर थोरली सुईदोरा घेऊन अंगणात बसली. फुलीच घालावी, ती लांबून दिसते, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"वहिनी," मामांनी वरून हाक मारली. लॉजच्या सगळ्या किल्ल्या कमरेला बांधून फिरायचे म्हणून ते किल्लीवाले मामा. आता एकही किल्ली कामाची नव्हती, पण जुडगा होता तिथंच होता. "काय करताय?"

"खूण घालतेय, मामा. मिसळू नयेत म्हणून."

मामा खिडकीतून जरा पुढे वाकले. "एक विनंती होती," ते म्हणाले. "दारावर एक केलीय तेवढी पुरे. चादरीवर नको. रात्री अंगावर घेऊन झोपायचं असतं तिला."

त्यांच्या मागून एक खोकत खोकत म्हातारा आवाज आला. लॉजमधला म्हातारा रंगारी तो. "आणि ती दारावरची पण वाकडी काढलीय हो! माझ्याकडे ब्रश दिला असता तर सरळ तरी आली असती."

थोरली हसली आणि हसता हसता तिला भरून आलं. तिनं सुई पदरात टोचून ठेवली. नवऱ्याला सांगावं असं मनात आलं, जिन्यापर्यंत गेलीसुद्धा. पण त्याला सांगायचं म्हणजे पुन्हा अक्का, पुन्हा फोन, पुन्हा परवानगीची गाडी. ती मूग गिळून बसली. दोरी तर वेगळी आहे, दोरीवरून कळेलच, असं तिनं स्वतःला समजावलं.

त्यानंतरचे दिवस आठवले की धाकटी आजही म्हणते, "काय दिवस होते!" तिला पुन्हा तसं जगायला सांगा, हात जोडेल. पण खरंच, त्या दिवसांत घराला घरपण आलं होतं. लाकूड कुठाय, या अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर कोपऱ्यावरच्या सुतारानं दिलं. त्याच्याकडे फळ्यांचे तुकडे पडून होते, त्याचंही काम बंदच होतं. तो रोज एक पोतं भिंतीपलीकडून टाकायचा आणि म्हणायचा, "उंबऱ्याचं लाकूड आहे, जपून जाळा, कुणाचं तरी घर व्हायचं होतं ते." किराणेवाल्यानं सोड्याचं पोतं दिलं आणि वर बजावलं, "धाकट्याला सांगा, मुठीनं टाकू नको, वाटीनं टाक." भट्टी पेटली. वाफेचा तो जुना वास जिन्यावरून वर आला आणि अप्पा आपणहून उठून गॅलरीत येऊन बसले.

थोरला खाली उतरायचा नाही, असं त्यानं जाहीर केलं होतं. पण ज्याचा जन्म निळीच्या पाण्यात गेला, त्याला गप्प बसवतंय थोडंच? तिसऱ्याच दिवशी तो गॅलरीतून ओरडला, "अरे नीळ जास्त झालीय! आकाश धुतोयस का चादरी?"

"मग या की खाली!"

"मी येणार नाही. सांगायचं काम केलं."

असं सांगायचं काम तो दिवसभर करायचा. थोरलीला मनातून हसू यायचं. त्याच्या आवाजात पूर्वीची धार परत आली होती. भट्टी तापलीच आहे तर घरचंही धुणं निघू दे, असं तोच एकदा म्हणाला, वेगळ्या पिंपात, अर्थातच.

आणि मग ती वावटळ आली. दुपारी ऊन रणरणत होतं आणि बघता बघता धुळीचा लोट उठला. पत्रे वाजायला लागले. धाकटी गच्चीवर धावली, मागोमाग धाकटा. हाताला लागेल ते ओढून, कवटाळून दोघं खाली आले. खाली खोलीत पांढऱ्या चादरींचा एकच डोंगर झाला. धाकटीनं या घरात शिकलेला हिशोब लावला. एकेक काठ उलटून बघितला. खूण कुठंच नाही. म्हणजे सगळ्या घरच्या! तिनं नेटक्या घड्या घातल्या आणि कपाटात रचून टाकल्या. संध्याकाळी लॉजच्या चादरी द्यायची वेळ झाली तेव्हा धाकट्यानं कपाट उघडलं आणि आल्या होत्या तितक्या वरच्या वर काढून देऊन टाकल्या. त्याचं लक्ष असतं तर तो धाकटा कसला! थोरली तेव्हा अप्पांना औषध देत होती. तिला यातलं काहीच कळलं नाही.

कळलं ते बऱ्याच दिवसांनी, एका संध्याकाळी. लॉजमधल्या बहुतेकांचे ताप उतरले होते, दारावरची फुली पुसायला माणसं येणार असं मामा सांगत होते. सगळं घर गॅलरीत उभं होतं.

"आणि वहिनी," मामा म्हणाले, "एक चादर तुमची दिसतेय. आमच्यात अशी नव्हती. मधोमध शिवण आहे हिला, वरपासून खालपर्यंत. बारीक टाके."

ती चादर कुठली ते सगळ्यांनी ओळखलं होतं. मधे विरलेली चादर सासूबाई टाकून देत नसत; उभी चिरायच्या, चांगले काठ मधे घेऊन जोडायच्या. दोघं भाऊ लहानपणी याच चादरीवर झोपायचे आणि रोज जागेवरून भांडायचे. सासूबाईंनी निकाल लावून टाकला होता: शिवणीच्या अलीकडे तू, पलीकडे तो, शिवण ओलांडली तर धुण्याची काठी पायावर. तेव्हापासून भांडण मिटलं होतं, निदान झोपेपुरतं.

"तुमच्याकडे आली कशी?" थोरल्यानं विचारलं. मग सावकाश वळून बायकोला म्हणाला, "खूण नव्हती घातलीस?"

"नाही घातली." थोरलीनं त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं. "मामांनी नको म्हटलं आणि माझ्याच्यानं झालं नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

"चूक माझी आहे," धाकटी मधे पडली. पहिल्या दिवशी थोरल्याच्या बाजूनं बोललेली तीच. "वावटळीच्या दिवशी मीच घड्या घातल्या. खूण नाही म्हणजे घरच्या, असं समजले. आईंनी तसंच शिकवलं होतं ना."

"म्हणजे त्या दिवसापासून..." थोरला थांबला. "माझ्या अंथरुणावर कुणाची आहे?"

"काय माहीत," धाकटा पुटपुटला. "लिफ्टवाल्याची असेल."

थोरला आत गेला. कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला, मग फोन: "अक्का, गाडी पाठव." थोरली मागे गेली नाही. आता बोलून उपयोग नव्हता. इतकी वर्षं हे घर सांभाळलं आणि शेवटी आपल्याच हातानं मोडलं, असं तिला वाटलं. अप्पा खुर्चीत बसून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. "कुणाची गाडी येतेय?" त्यांनी दोनदा विचारलं.

थोरला बॅग घेऊन बाहेर आला तेव्हा समोरच्या खिडकीत रंगारी म्हातारा उभा होता. इतके दिवस नुसता आवाज ऐकलेला माणूस पहिल्यांदाच दिसला. हाडांचा सापळा झाला होता, हातात ती चादर होती, घडी घातलेली.

"मालक, रागावू नका," तो म्हणाला. "चूक झाली असेल तर आमची. चादर टोपलीत घालून सोडतो. फक्त एक सांगू? ताप उतरत नव्हता तेव्हा ही अंथरली होती. शिवण पाठीला लागायची. घरी आमच्याकडेही म्हातारी अशीच जोडायची. मी डोळे मिटले की वाटायचं, घरीच आहे. तेवढ्यावर निघाले दिवस."

थोरला कठड्याशी उभा राहिला. बॅग हातातच होती. बराच वेळ तो त्या घडीकडे बघत राहिला.

"आजोबा," त्यानं विचारलं, "तुम्ही शिवणीच्या कुठल्या बाजूला झोपता?"

म्हातारा गोंधळला. "खिडकीच्या. वारा येतो म्हणून."

"आमच्याकडे खिडकीची बाजू याची असायची." थोरल्यानं धाकट्याकडे बोट केलं. "तिकडे झोपू नका. शाळेत जायला लागला तरी ओली करायचा."

"दादा!" धाकटा ओरडला. "सगळी गल्ली ऐकतेय!"

गल्ली खरंच ऐकत होती. आधी सुतार हसला, मग पाववाली, मग लॉजच्या सगळ्या खिडक्या. धाकटी तर कठड्याला धरून खाली बसली. अप्पांना काही ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले.

"मग खाली सोडू ना?" म्हाताऱ्यानं चादर पुढे केली.

"राहू दे," थोरला म्हणाला. त्याचा आवाज चिरकला आणि त्यानं तो लपवला नाही. "आईला एकटं कधी करमलं नाही. माणसांत असू दे तिला."

थोरलीनं पदर तोंडाला लावला. म्हाताऱ्यानं घडी छातीशी धरली आणि तो आत गेला. खिडक्या हळूहळू रिकाम्या झाल्या.

"अहो," ती जरा वेळानं म्हणाली, "उद्यापासून त्यांच्या चादरींना खूण घालू का?"

"आता कुठली कुणाची, ते तुला तरी सांगता येईल का?" त्यानं बॅग तिच्या पायाशी ठेवली. "ही उघड आधी. अप्पांचा चष्मा यात गेलाय, मघापासून शोधतायत."